आखाजीपूर्वी सरत्या सालाचा आढावा कसा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची कापसाची आणि थोडी केळीची शेती आहे. आपल्या खानदेशात शेतीचे नवे साल आखाजीला, म्हणजे वैशाख शुद्ध तृतीयेला धरतात. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, जुना हिशेब मिटवून नवा ठरावही तेव्हाच होतो. त्याआधी आठ दिवस वडील रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वर्षभराची वही वाचत असत. आखाजीला दिवंगतांच्या नावाने पाण्याची घागर भरतात; यंदा ती वडिलांच्याच नावाची भरायची आहे, आणि ती वही आता माझ्याकडे आली आहे.

वहीत रकमा आहेतच. पण समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘घाई झाली’, ‘पाणी उशिरा दिले’ असे शेरे मला अधिक मोलाचे वाटतात. मलाही तसेच लिहायचे आहे, मात्र पेन टेकवला की अडते. डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटून न टाकता मी फरदड ठेवली, म्हणजे तेच पीक हंगामानंतरही पुढे चालवले, गुलाबी बोंडअळी वाढली आणि वेचणीची मजुरीही निघाली नाही. ही चूक उघड माझी आहे. परंतु केळीचा भाव पडला, त्यात माझा निर्णय किती आणि बाजार किती, हे वेगळे कसे काढावे?

शिवाय आमच्या सालदारदादांचे मतही या आढाव्यात यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ज्याच्या अंगावर उचल बाकी आहे तो माणूस मालकासमोर मोकळेपणाने कसा बोलेल? त्यांच्याशी ठरावाआधी बोलावे की हिशेब मिटल्यावर? जे असा आढावा घेतात, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर लिहावी.