अनुभव धागा: लोकलमध्ये नोकरी काढलेले पोलीस

मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांत नोकरी केलेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी आठवेल ते लिहावं. (आरपीएफ वेगळं. ते केंद्राचं, रेल्वेची मालमत्ता सांभाळणारं. चोरी, मारामारी, अपघाती मृत्यू हे राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे.) माणसांची नावं नकोत.

निवृत्त हवालदार
लोकांना वाटतं आम्ही पाकीटमारांमागे धावायचो. माझी निम्मी नोकरी मयतांमागे गेली. स्टेशन मास्तरचा मेमो यायचा: अमुक खांबाजवळ इसम पडलाय. हमाल, स्ट्रेचर घेऊन रुळांतून चालत जायचं. गाडी येतेय का ते एकाने बघायचं. पंचनामा झाला, एडीआर (अपघाती मृत्यूची नोंद) दाखल झाली, की खरं काम सुरू: हा कोण? खिशात पास असला तर सुटलो. नसला तर कॉलरमागची शिंप्याची पट्टी. एकदा त्या पट्टीवरून उल्हासनगरचं दुकान सापडलं. शिंप्याने शिलाई बघितली, म्हणाला, "हात माझाच," आणि मापाच्या वहीतून नाव काढून दिलं. गोंदण, ताईत, चपलेचा छाप, सगळं लिहून ठेवायचो.

मोबाइल आले तेव्हा वाटलं, सोपं होईल. पण फोन लॉक असायचा, म्हणून तो वाजायची वाट बघायची. वाजला की वर 'आई', नाहीतर 'घर'. नव्या पोराला आम्ही तो उचलू देत नसू. आधी विचारायचं, "घरात आणखी कोण आहे? त्यांच्याकडे द्या."

महिला पोलीस शिपाई, आता निवृत्त
रात्रीचा लेडीज डबा. नेहमीच्या बायका भाजी निवडता निवडता "मॅडम, बसा की" म्हणून तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट द्यायच्या. मी दारातच उभी. कल्याणनंतर डबा ओस पडायचा. उरलेल्या एकेकजणी "उतरते हं" असं मला सांगून उतरायच्या. माझ्या सासूबाईंनी इतकी वर्दी कधी दिली नाही.

माहीमच्या बाजूला होतो
११ जुलै २००६. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. आमच्या स्ट्रेचरआधी रुळांलगतच्या झोपड्यांतल्या चादरी पोचल्या होत्या. लोक त्यांच्या झोळ्या करून जखमी उचलत होते. फोन लागत नव्हते. जास्त लिहीत नाही.

ठाणे अंमलदार (पोलीस ठाण्यात तक्रारी नोंदवणारा, बरीच वर्षं)
वरचं वाचून माझं हलकं वाटेल, तरी लिहितो. आमचा छळ म्हणजे हद्द. "पाकीट शेवटचं कधी बघितलं?" "दादरला चढताना." "गेलं कधी कळलं?" "डोंबिवलीला." मध्ये कुर्ला, ठाणे, सगळे येऊन गेले! मग शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न बघता) गुन्हा नोंदवून ज्याची हद्द त्या ठाण्याकडे पाठवा. तोवर ते पाकीट कुठल्यातरी फलाटाच्या टोकाला, नाहीतर रुळांत सापडायचं, नोटा सोडून बाकी सगळं जागच्या जागी. तक्रारदार आधी लायसन्स बघायचा, आणि आरटीओची खेप वाचली म्हणून आम्हाला चहा विचारायचा.