कथेवर मत देताना उपाय सांगावा का?

साखरपेठ :
गेल्या महिन्यात आमच्या सोलापुरातल्या कथावाचनाच्या बैठकीत मी एक कथा वाचली. 1,400 शब्दांची. वाचून झाल्यावर 11 जण बोलले, आणि घरी येऊन मी त्या अकराही जणांचं ऐकलं. कथा हातातून गेली.

कथा एवढीच : सासू आणि नवी सून, दोघी बिड्या वळतात. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी वर फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन दुपारपर्यंत मान वर करायची नाही. सासू हजार बिड्या घेऊन कारखान्यात जाते. तपासणारा साठ बाजूला काढतो : छाट. सासू त्या साठ घरी आणते, रात्री दिव्याखाली एकेक सोडवते, तंबाखू परत डब्यात ओतते, दोरा बोटाला गुंडाळून ठेवते. सून बघत असते. तिथं कथा संपते.

मतं आली ती अशी. सुनेनं शेवटी काहीतरी बोलायला हवं. सासूचं तेलुगू काढा, वाचक अडतो. कारखान्यापासून सुरू करा. थोडी आशा दाखवा. मी सगळं केलं. आता सून शेवटी चार वाक्यं स्वच्छ मराठीत बोलते आणि शिवणकाम शिकायचं ठरवते. परवा मोठ्यानं वाचून पाहिलं तर ही कथा मी लिहिलेली आहे असं वाटेना. रडू आलं मला.

माझं म्हणणं असं की ऐकणाऱ्यानं फक्त स्वतःला काय झालं ते सांगावं. कुठे लक्ष उडालं, कुठे कोण बोलतंय ते कळेना, कुठे पुढचं ऐकावंसं वाटलं. काय बदलायचं ते सांगूच नये. ‘शेवट बदला’ म्हटलं की लिहिणाऱ्याचा हात सरळ शेवटाकडे जातो, आणि बिघाड मात्र दुसऱ्या परिच्छेदात बसलेला असतो.

बाळीवेस :
ताई, आपल्या कथेचं वाईट वाटलं, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. कथा उपाय सांगितल्यामुळे बिघडली नाही, अकरा मतं एकाच वजनाची धरल्यामुळे बिघडली. बोलणाऱ्यावर बंधन घालण्यापेक्षा ऐकणाऱ्यानं निवडायला शिकावं.

‘सत्यकथा’ मासिक आठवा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. कुठे सैल पडलंय, कुठला भाग पुन्हा लिहावा, हे त्यात असे. लेखक पुन्हा लिहून पाठवत. 1982 साली मासिक बंद झालं, तरी लिहिणारे लोक त्या पत्रांबद्दल अजून आदरानं बोलतात. तिथे ‘माझं लक्ष उडालं’ एवढं सांगून कुणी थांबलं असतं तर काय हाती लागलं असतं?

आपल्याकडे खरा रोग उलटा आहे. दहातल्या आठ बैठकांत ‘वा, छान, डोळ्यांत पाणी आलं’ एवढंच होतं आणि चहा येतो. ज्याला कथा सुधारायची आहे तो तसाच घरी जातो. स्पष्ट बोलणारे दोन-चार जण आहेत, त्यांनाही आपण गप्प करायला निघालात.

साखरपेठ :
सर, त्या संपादकांसमोर कागद होता. ते वाचत, पुन्हा वाचत, आणि छापायची जबाबदारी त्यांची होती. आमच्याकडे अकरा जणांनी कथा एकदा ऐकली, तीही पंख्याच्या आवाजात. एकदा ऐकून झालेल्या माणसाकडे स्वतःचा अनुभव असतो, तो खरा असतो, तो मला हवाच आहे. उपाय सांगण्याइतका तो त्या कथेत राहिलेला नसतो. ‘छान’ म्हणून सोडून द्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ‘दुसऱ्या पानावर मी कंटाळलो’ हे ऐकायला ‘शेवट बदला’पेक्षा जास्त जड जातं, विचारून बघा कुणालाही.

जुळे सोलापूर :
बाहेर या प्रश्नावर बरंच करून झालेलं आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा 1936 पासून चालू आहे. 1956 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावात विज्ञानकथा लिहिणारे जमू लागले. तिथली पद्धत अशी : सगळ्यांनी कथा आधी वाचून यायची. मग एकेकानं आळीपाळीनं बोलायचं. तोवर लेखकानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की मग लेखकाची पाळी.

याच्या उलट पद्धत लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं 1990 मध्ये मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघणारे सांगतात की आपल्यापर्यंत काय पोचलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग बघणारे विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘शेवट एवढा कोरडा का?’ असं नाही, ‘शेवटी सुनेच्या मनात काय असावं असं तुम्हाला वाटतं?’ असं. मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकारानं हो म्हटलं तर.

मला ताईंचं पटतं. पण त्यांनी एक सोडलं : आधी प्रश्न विचारायचा हक्क त्यांचा होता. ‘सासूनं साठ बिड्या सोडवल्या, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ एवढं विचारलं असतं तर अकरा लोक अकरा दिशांना गेले नसते. आणि कथा आधी वाटून ठेवा. नुसती ऐकून मत द्यायचं हे कीर्तनाला ठीक, कथेला नाही.

विजापूर रोड :
तेलुगू काढा म्हणणाऱ्यांवर कुणी काहीच कसं बोललं नाही? साखरपेठेत सासू तेलुगूत बोलणार नाही तर कशात बोलेल? या गावात एका वाड्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. माझ्या कथेत पोरगं आईला विचारतं, ‘काय करलालीस?’ बैठकीत एकानं ते खोडून ‘काय करते आहेस?’ लिहून दिलं. चांगल्या मनानं दिलं, मला मान्य आहे. पण माझं पोरगं पुण्याला राहायला गेलं ना त्यात! याला मी अभिप्राय म्हणत नाही. आणि सर, ‘सत्यकथे’चंच बोलायचं तर 1969 मध्ये लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी तिच्या अंकाची होळीही केली होती. कुणाची अभिरुची सगळ्यांची अभिरुची म्हणून चालवायची, हेच तेव्हाचं भांडण होतं.

बाळीवेस :
बोलीबद्दल आपलं बरोबर आहे, तिथं मी हात लावणार नाही. पण समजेनासं झालं तर वाचकानं सांगायचंच नाही का? ताईंच्या कथेत सासू सलग तीन वाक्यं तेलुगूत बोलते आणि तिच्या तोंडून काय गेलं ते पुढे कुठेच उमगत नाही. मी त्या बैठकीत होतो. ‘तेलुगू काढा’ म्हणणारा मीच. शब्द चुकले असतील माझे. अडचण खोटी नव्हती.

साखरपेठ :
सर, हे आज सांगितलंत तसं तेव्हा सांगितलं असतंत तर मी ती तीन वाक्यं ठेवून सुनेला एकदा मान वळवायला लावली असती. बस, एवढंच लागलं असतं. मी सगळं तेलुगू उडवलं.

बाळीवेस :
हे मात्र मला लागलं. तरीही म्हणतो, मान वळवणं आपल्याला माझ्या अडचणीतून सुचलं.

साखरपेठ :
अडचणीतून, हो. उपायातून नाही.

विडी घरकुल :
मी बैठकांना येत नाही, हा धागा भावानं दाखवला. माझी आई तीस वर्षं बिड्या वळते. ताई, तुमच्या कथेत एक गोष्ट होऊ शकत नाही. छाट बिड्या घरी आणू देत नाहीत. निदान आईच्या कारखान्यात तरी कधी दिल्या नाहीत. मोजणारा उजव्या हाताला टाकतो, त्या तिथंच राहतात आणि मजुरी तेवढी कमी मिळते. पानं, तंबाखू मोजून दिलेला असतो, तो पुरवून पुरवून हजार भरायच्या असतात, आणि वर छाट गेली तर ती बाईच्या अंगावर. त्यामुळं दिव्याखाली बसून बिड्या सोडवणं, दोरा गुंडाळणं, ते वाचायला सुंदर वाटलं तरी ते आमच्या घरात झालेलं नाही.

अकरा जण शेवटावर बोलले म्हणता. त्यातल्या कुणाला हे माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

साखरपेठ :
दादा, मी सकाळपासून हे तीनदा वाचलं. मी ऐकीव लिहिलं. आमच्या मागच्या गल्लीत बिड्या वळतात, येता-जाता सुपं दिसतात, बायकांशी बोललेही आहे मी, पण कारखान्यात आत कधी गेले नाही, आणि साठ बिड्या परत मिळतात हे मी गृहीत धरलं. माझ्या कथेचा कणाच तो होता.

जुळे सोलापूर :
ताई, तुमच्या नियमात हे बसत नाही. ‘मला काय झालं’ यापेक्षा हे मोठं आहे, त्यांनी सरळ चूक दाखवली.

साखरपेठ :
नाही बसत. चूक असेल तर चूक म्हणून सांगावं, हे मी आज मान्य करते. नियम तेवढा मोकळा करायला हवा. पण बघा, दादांनी शेवट कसा करावा हे एका शब्दानं सांगितलं नाही, आणि तरी आता माझ्याकडे शेवट उरलेला नाही. तो मला शोधायचाय. दादा, चालणार असेल तर एक विचारते. छाट गेली त्या दिवशी आई घरी आल्यावर काय करतात?

विडी घरकुल :
विशेष काही नाही. रिकामं सूप उंबऱ्याबाहेर झटकते, हातपाय धुते. मग तिथंच बसून दिवसाचा हिशोब बोलते, कुणाला सांगत नसते, आपली आपणच.

साखरपेठ :
तेलुगूत?

विडी घरकुल :
बिड्या तेलुगूत मोजते. पण छाट किती गेली ते मराठीत म्हणते. मोजणारा मराठीत सांगतो ना, म्हणून.