मदत हवी आहे: कोणी बटण दाबत नाही, तरी अ‍ॅस्टेरिस्कला 'हॅश' ऐकू येतो

मंडळी, इथे कोणी अ‍ॅस्टेरिस्क (संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) सांभाळतं का?

तासगाव भागात आमचं द्राक्ष बागायतदारांसाठी छोटं सल्ला केंद्र आहे. दोन साध्या लँडलाइन एका गेटवेच्या डब्यात जातात आणि तिथून एसआयपीने (इंटरनेटसारख्या जाळ्यावरून कॉल जोडायच्या पद्धतीने) अ‍ॅस्टेरिस्कवर येतात. संध्याकाळी केंद्र बंद झालं की शेतकरी प्रश्न रेकॉर्ड करून ठेवतात, बोलून झालं की हॅश दाबायचा. पण माणूस बोलत असतानाच रेकॉर्डिंग तुटतं. सकाळी ऐकायला बसावं तर "साहेब, पानाच्या मागं पांढरं पांढरं दिसाय लागलंय, काल पावसात..." एवढंच. पुढे काय मारलं, किती मारलं, काही नाही.

दिवसा तऱ्हा वेगळी. आमच्याकडे कॉल ट्रान्स्फरलाही हॅशच आहे, त्यामुळे बोलता बोलता समोरच्याला होल्डचं संगीत ऐकू येतं आणि तो वैतागून फोन ठेवतो. बायकांच्या आवाजावर हे जास्त होतं असं आमच्या ऑपरेटर ताईंचं म्हणणं. मोबाइलवरून आलेल्या कॉललाही होतं, म्हणजे फोन करणाऱ्याच्या हँडसेटचा दोष नसावा.

डीएसपी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ट्विस्टचे (बटणाच्या दोन सुरांच्या जोरात किती फरक चालवून घ्यायचा त्याचे) आकडे कमी करून बघितले, काही फरक नाही. खरी बटणं सुटू न देता हे कडक कसं करायचं?

प्रतिसाद:
बोलण्यालाच बटण समजण्याच्या या प्रकाराला टॉक-ऑफ म्हणतात, टेलिफोनवाल्यांचं जुनं दुखणं आहे. प्रत्येक बटण म्हणजे दोन सूर एकदम. हॅशचे ९४१ आणि १४७७ हर्ट्‌झ, पाचाचे ७७० आणि १३३६. सगळे मिळून आठच सूर, आणि ते ६९७ ते १६३३ हर्ट्‌झमध्ये, म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या ऐन पट्ट्यात. एखादा स्वर लांबला की त्याचे दोन हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) बरोबर त्या जागी बसतात आणि बटण ओळखणारा डिटेक्टर फसतो.

पण आकडे बदलायच्या आधी एक सांगा: बटण ओळखतंय कोण? गेटवेला डीटीएमएफ (बटणांचे सूर) मोड कोणता दिलाय? इनबँड (सूर आवाजातूनच पुढे जातात) असेल तर अ‍ॅस्टेरिस्क स्वतः आवाज ऐकून ओळखतो. आरएफसी २८३३ (नवा क्रमांक ४७३३) असेल तर ओळखण्याचं काम गेटवेने आधीच केलेलं असतं आणि तुमच्याकडे फक्त 'हॅश दाबला' असं पॅकेट येतं. तसं असेल तर ट्विस्टचे आकडे उलटेसुलटे करून काही होणार नाही, अ‍ॅस्टेरिस्कचा डिटेक्टर त्या कॉलवर कामालाच नाही.

लॉगरमध्ये डीटीएमएफची पातळी चालू करा, आणि कन्सोलवर आरटीपी (आवाजाच्या पॅकेटांचा) डीबग लावून एक तुटणारा कॉल बघा.

धागाकर्ता:
दादा, मोड आरएफसी ४७३३ च आहे. डीबगमध्ये गेटवेच्या पत्त्यावरून इव्हेंट पॅकेट येताना स्पष्ट दिसली. म्हणजे आमचा अ‍ॅस्टेरिस्क निर्दोष!

गंमत म्हणजे लॉगमध्ये हॅश आहेच, पण मधूनच 'डी' सुद्धा येतो. हे बटण कुठल्या फोनवर असतं?

प्रतिसाद:
घरच्या फोनवर नसतंच. ए, बी, सी, डी हा १६३३ हर्ट्‌झचा चौथा रकाना, अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन जाळ्यात वापरात होता. शेतकऱ्याच्या कॉलमध्ये 'डी' दिसला की ती खोटी ओळख, वेगळा पुरावा नको. लॉगमध्ये बटणाची लांबीही येते, तीही बघा. बोलण्यातून उपटलेली बटणं बहुतेक आखूड असतात, माणसाचं बोट तेवढ्यात उठत नाही.

आता गेटवेच्या पानावर जाऊन दोन गोष्टी बघा. एक, लाइनकडून येणाऱ्या आवाजाचा गेन (आवाज किती वाढवायचा तो आकडा). तो वाढवून ठेवला असेल तर आवाज फाटतो, फाटलेल्या आवाजात नको ते सूर तयार होतात आणि डिटेक्टरला आणखी खाद्य मिळतं. दोन, डीटीएमएफची किमान लांबी किंवा संवेदनशीलता असं काही असेल तर ते कडक करा. मोबाइलवाल्यांची काळजी नको: साध्या मोबाइल कॉलमध्ये हँडसेट सूर पाठवत नाही, बटणाचा निरोप पाठवतो आणि सूर नेटवर्क तयार करतं. तो स्वच्छ असतो, कडक डिटेक्टरमधूनही सहसा पास होतो.

आणखी एक प्रतिसाद:
गेटवे सुधारेपर्यंत लोकांचे प्रश्न का तुटू द्यायचे? रेकॉर्ड कमांडला 'एक्स' पर्याय द्या, मग तो कुठल्याच बटणाने थांबत नाही. सोबत 'के' द्या, म्हणजे फोन ठेवला तरी फाइल राहते. शांततेची मर्यादा आणि कमाल वेळ द्यायला विसरू नका. आणि सूचनेतलं 'हॅश दाबा' काढून 'बोलून झालं की फोन ठेवा' करा, तसंही सगळे तेच करतात.

ट्रान्स्फरसाठी डायल कमांडमधले छोटा टी आणि मोठा टी हे दोन्ही पर्याय काढून टाका. ताईंच्या आयपी फोनवर ट्रान्स्फरचं बटण असेलच, ते एसआयपीने जातं, आवाजाशी त्याचा संबंध नाही.

धागाकर्ता:
'एक्स' आणि 'के' लगेच लावले, काल रात्रीचे निरोप शेवटपर्यंत आले. ट्रान्स्फरही फोनच्या बटणावर नेलं, ताई खूश.

गेटवेत गेन खरंच वरच्या टोकाला होता, बसवणाऱ्याने आवाज बारीक येतो म्हणून ठेवला असणार. खाली आणलाय. 'डी' अजून दिसला नाही, हॅश मात्र कधीतरी येतो. किमान लांबीचा पर्याय या डब्यात सापडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गेटवेला इनबँड करून ओळखण्याचं काम अ‍ॅस्टेरिस्ककडे द्यायचं. कोडेक (आवाज पाठवायची पद्धत) ए-लॉच आहे, म्हणजे सूर बिघडायचा प्रश्न नाही. कोणी असं केलंय का? डीएसपी फाइलमध्ये बटण मानण्याआधी सुरुवातीला किती हिट (सूर सलग सापडण्याच्या खेपा) लागतात तो आकडा दोनावरून तीन केला तर खरी बटणं सुटतात का?