सुटलेलं डोमेन आणि दुसऱ्याची पुण्याई

मधली आळी
काल इथे एकाने सल्ला दिला: मुदत संपलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, लिलावात उचला, जुन्या संस्थेला वर्तमानपत्रांनी, कॉलेजांनी दिलेले, गूगलवर साइट वर नेणारे दुवे आयते मिळतात, मग त्यावर हवं ते विका. खाली शाबासक्यांचा पाऊस. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

नाव घ्यायला माझी ना नाही. पण दुसऱ्याने वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास वाचकाला न सांगता आपल्या मालावर चिकटवणं ही फसवणूक आहे. 'द हेअरपिन' ही बायकांनी नावारूपाला आणलेली अमेरिकन साइट २०१८ मध्ये बंद पडली. पुढे ते डोमेन एका सर्बियन डीजेने घेतलं, त्यावर एआयने लिहिलेले लेख ओतले आणि काही जुन्या लेखांवरची लेखिकांची नावं काढून पुरुषांची लावली. गूगलने मार्च २०२४ मध्ये या प्रकाराला स्पॅम ठरवलं. त्यांनी दिलेलं उदाहरणच आहे, पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या साइटवर कॅसिनो!

सातारी कंदी
भावनिक होऊ नका. बरं, छोटं डॉट कॉम नाव आज नव्याने मिळतं का? मालकाने सोडलेली पडीक जागा कुणीतरी कसणारच. आणि ती रातोरात जात नाही. मुदतीच्या महिनाभर आधी एक मेल, आठवडाभर आधी दुसरा, संपल्यावर ५ दिवसांत तिसरा, हे रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीवर, बंधनकारक आहे. त्यानंतर रजिस्ट्रार देईल ती सवलतीची मुदत, डोमेन डिलीट झालं तरी सोडवून घ्यायला ३० दिवस, शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यानंतर नाव सगळ्यांना खुलं. १९९९ च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्ट हॉटमेलचं लॉगिन ज्यावरून चालायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरलं, हॉटमेल अडलं, आणि बाहेरच्याच एका प्रोग्रॅमरने ३५ डॉलर भरून ते सुरू केलं. ज्याला नावाची किंमत नाही त्याच्यासाठी मी का रडू?

निवडुंग
मेल येतात म्हणे! कुणाला येतात? आमच्या वाचनालयाची साइट ज्याने केली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घेतलं. तो धंदा सोडून गेला, नंबर बदलला. आम्हाला कळलं कधी, तर एका सभासदाने विचारलं, "वाचनालयाच्या पानावर रमीची जाहिरात कशी?" ग्रंथयादी गेली, व्याख्यानमालेचे फोटो गेले. किंमत नव्हती असं म्हणू नका. आम्ही दरवर्षी पैसे मोजले होते.

खिडकीतला
वेबवाले सगळे चोर, हे आता पुरे. मी हेच काम करतो. रिन्यूअलचे हजार-बाराशे मागितले की मंडळाचे खजिनदार म्हणतात, "मागच्या वर्षी दिले ना?" ट्रस्टच्या नावावर अकाउंट काढू म्हटलं, तर ओटीपी कुणाच्या मोबाइलवर यावा यावरून समितीत भांडण. शेवटी माझ्याच कार्डावरून भरतो, ते पैसे बुडतात, वर शिव्या मला.

निवडुंग
तुमचे बुडाले असतील. आमच्याकडे पावत्या आहेत.

खिडकीतला
पावती डोमेनची होती की 'वेबसाइट खर्च' अशी ठोक? बघा आधी, मग आवाज चढवा.

निवडुंग
ठोकच होती. ग्रंथपाल बाईंना होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डोमेन (तिचं नाव) यांतला फरक समजावून सांगायचं काम कुणाचं? त्यांचं?

ओसरीवरची
भांडण थांबवा, मेलचा मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय. इथे अमेरिकेत मुलांच्या मराठी वर्गासाठी मी जुनंच डोमेन घेतलं. त्या नावावर येणारी सगळी पत्रं एका पेटीत पडतील अशी सोय ठेवली, तर आधीच्या मालकाच्या दवाखान्याचे रिपोर्ट यायला लागले! पेशंटची नावं, आजार, सगळं. मी ती पेटी लगेच बंद केली. दुसऱ्या कुणी 'पासवर्ड विसरलो' दाबून, त्याच पेटीत येणाऱ्या मेलवरून त्या दवाखान्याची जुनी खाती उघडली असती. शिवाय मधल्या कुणीतरी स्पॅम पाठवून नाव काळ्या यादीत नेलेलं, त्यामुळे पालकांना माझी पत्रं पोचेनात. वेबॅक मशीन या वेबसाइट्सच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर जुनी पानं पाहिल्याशिवाय असलं नाव घेऊ नका.

सातारी कंदी
ठीक, दवाखाना, शाळा, वाचनालय यांच्या नावावर जुगार नको, एवढं मान्य. पण मी बंद पडलेल्या बेकरीचं डोमेन घेऊन बेकरीच चालवतो, त्यात काय पाप?

मधली आळी
पाप नाही. मालक बदलला हे पहिल्या पानावर लिहा, इतकंच मागतोय.

सातारी कंदी
लिहीन. तुमच्या धाकाने नव्हे, जुनी गिऱ्हाइकं विचारतात म्हणून.

मधली आळी
निवडुंग, डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवे खटल्यात मान्य केलंय. डॉट कॉम असेल तर यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली तक्रार करता येते. मात्र नावावरचा तुमचा हक्क, समोरच्याचा त्यावर हक्क नसणं आणि त्याचा वाईट हेतू, तिन्ही सिद्ध करावं लागतं. असे वाद सोडवणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फी १५०० डॉलर.

निवडुंग
म्हणजे लाखाच्या वर. एवढ्यात आमची वर्षाची पुस्तकखरेदी होते. कार्यकारिणीपुढे ठेवतो, पण बहुधा नवंच नाव घेऊ, ट्रस्टच्या नावावर आणि ट्रस्टच्या मेलवर. आणि खिडकीतले, ते काम तुमच्याकडे येणार नाही.

खिडकीतला
नको. पण पावतीवर डोमेनचं नाव आणि मुदतीची तारीख लिहून घ्या, काम कुणालाही द्या.