केमोच्या आधी स्त्रीबीजं गोठवणं : अनुभव आणि माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय २८, लग्न झालेलं नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात झालं. रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आहे. आता केमो, मग रेडिएशन, त्यानंतर निदान ५ वर्षं टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी). केमोतल्या सायक्लोफॉस्फमाइडने अंडाशयातला बीजांचा साठा घटतो आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना गरोदर राहायचं नसतं, म्हणून मूल हवं असेल तर आत्ताच ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. दोन-तीन आठवडे थांबता येईल, जास्त नको.

आयव्हीएफच्या मॅडमना भेटून आलो. पाळीची वाट बघावी लागत नाही, लगेच इंजेक्शनं सुरू करता येतात. दहा-बारा दिवस रोज पोटात घ्यायची, मग भूल देऊन बीजं काढतात. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार अविवाहित मुलीलाही हे करता येतं आणि बीजं १० वर्षं ठेवता येतात.

अडलंय ते घरात. आई म्हणते, हार्मोनवर वाढणारी गाठ, मग हार्मोनचीच इंजेक्शनं कशी चालतील? हा प्रश्न मला अगदीच गैर वाटत नाही. दुसरं म्हणजे सोनोग्राफी आणि बीजं काढणं, दोन्ही योनीमार्गे. "लग्नाआधी असलं काही नको", इथे ती अडून बसलीये. बहीण ठाम आहे, सहीही तिचीच लागणार, पण ऐन केमोच्या तोंडावर आईशी अबोला तिला नको आहे. (मावशीने कुठल्याशा काढ्याचा नंबर पाठवलाय, तो विषयच वेगळा.)

असं कुणी केलं आहे का? आईला कसं समजावलंत? आणि खर्चात आधी काय विचारून घ्यावं? विम्यात बसत नाही असं कळलंय.

प्रतिसाद १
ताई, मी केलंय, माझीही गाठ हार्मोन पॉझिटिव्हच होती. इंजेक्शनांसोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, त्याने इस्ट्रोजेन हे हार्मोन फार चढत नाही. मध्ये मध्ये रक्त तपासतात. असं केलेल्या बायकांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. हे आईंना तुम्ही सांगू नका, मॅडमना सांगायला लावा, सोबत न्या त्यांना. माझ्या सासूबाई डॉक्टरांचंच ऐकल्या.
खर्चाचं : पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरलीत का ते विचारा, बहुधा वेगळी असतात आणि तीच महाग. गोठवून ठेवण्याचं दरवर्षीचं भाडंही लेखी घ्या. आणि बारा बीजं म्हणजे बारा बाळं नव्हेत, हे बहिणीला आधीच स्पष्ट असू दे.

प्रतिसाद २
योनीमार्गे नकोच असेल तर पोटावरून सोनोग्राफी करून बीजं काढता येतील का, विचारा. सगळ्यांना जमत नाही, पण विचारायला हरकत नाही. दुर्बिणीने अंडाशयाचा तुकडा काढून गोठवणं हाही मार्ग आहे, त्यात इंजेक्शनं लागत नाहीत. मात्र बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका बघणारी) तपासणी केली असेल तर तो रिपोर्ट आधी दाखवा.
केमोच्या काळात अंडाशय झोपवून ठेवणारं गोसेरेलिन नावाचं दर महिन्याचं इंजेक्शन मिळतं. ते जोडीला घ्यायचं, बीजं गोठवण्याऐवजी नाही.
टॅमॉक्सिफेनची पूर्ण ५ वर्षं थांबावंच लागेल असंही नाही. २०२३ साली आलेल्या पॉझिटिव्ह नावाच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षं हार्मोनची औषधं घेऊन, मग मुलासाठी २ वर्षांपर्यंत ती थांबवली होती. सुरुवातीच्या काही वर्षांत तरी धोका वाढलेला दिसला नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.

धागाकर्ती
दोघींचे आभार. बीआरसीएचा रिपोर्ट यायचाय. परवा आईला घेऊन जातेय. पोटावरून करून देणारं पुण्यात कुणी माहीत असेल तर विपू (खाजगी निरोप) करा.