मदत हवी आहे: सूत्राने ट्रस डिटरमिनेट येतो, पण फोर्स जुळत नाहीत

नमस्कार मंडळी, एका ट्रसपाशी (टोकांना जोडलेल्या सरळ दांड्यांचा, म्हणजे मेंबरचा, सांगाडा) गाडी अडली आहे. शेजारी शेजारी दोन चौरस पॅनेल. खालचे जॉइंट डावीकडून अ, ब, क आणि त्यांच्या बरोबर वर ड, इ, फ. डाव्या पॅनेलमध्ये दोन्ही डायगोनल आहेत (मध्ये जोडलेले नाहीत, नुसते एकमेकांवरून जातात), उजवीकडे एकही नाही. अ ला हिंज (उभा-आडवा दोन्ही आधार), क ला रोलर (फक्त उभा आधार). ब वर १० किलोन्यूटनचा उभा लोड.

मेंबर ९, रिअ‍ॅक्शन ३, जॉइंट ६. दर जॉइंटला तोलाची दोन समीकरणं, म्हणून ९ + ३ − २ × ६ = ०, म्हणजे डिटरमिनेट (नुसत्या तोलाच्या समीकरणांनी सुटणारा). दोन्ही सपोर्टला ५-५ किलोन्यूटन येतात, इथवर ठीक. पण फ वर लोड नाही आणि तिथे दोनच मेंबर काटकोनात मिळतात, म्हणून कफ मध्ये शून्य. क चा उभा तोल बघितला, तर त्याच कफ मध्ये ५ किलोन्यूटन कॉम्प्रेशन! दोन्ही एकदम कसं खरं असेल? परीक्षेपुरतं सूत्र पाठ आहे हो, पण मला हे मुळातून समजून घ्यायचंय.

उत्तर:
आकडेमोड बरोबर आहे, ट्रसच अस्थिर आहे. उजव्या पॅनेलमधून उभा सेक्शन घ्या. कापले जातात बक आणि इफ, दोन्ही आडवे. मग ५ किलोन्यूटनचा शिअर (उभा सरकवणारा फोर्स) घेणार कोण? ते पॅनेल तिरपं होऊन बसणार.

सूत्रात फक्त संख्या जातात, मेंबर कुठे बसवलाय हे जात नाही. डावीकडे एक जास्त, उजवीकडे एक कमी, हिशेब शून्य. मॅक्सवेलच्या नियमाला (म्हणजे तुमच्या याच सूत्राला) इंजिनिअर कॅलडाइन यांनी १९७८ मध्ये जे रूप दिलं ते इथे फार कामाचं आहे: सूत्राचं उत्तर म्हणजे रिडंडंट (गरजेपेक्षा जास्तीचे मेंबर) वजा मेकॅनिझम (मेंबर न ताणता ट्रस हलण्याच्या मोकळ्या वाटा). तुमच्याकडे १ − १. उत्तर ऋण आलं की ट्रस अस्थिर हे नक्की. शून्य किंवा धन आलं, तर मात्र रचना तपासावीच लागते.

आता अइ काढून बफ बसवा आणि पुन्हा सोडवा.

प्रश्नकर्ता:
जुळलं! कफ मध्ये दोन्हीकडून ५ कॉम्प्रेशन, बफ मध्ये ७.०७ टेन्शन, बइ मध्ये शून्य. मनापासून आभार. मूळ ट्रसमध्ये डायगोनल मध्यभागी जोडलेले असते, तर उत्तर बदललं असतं का?

उत्तर:
नाही. दोनाचे चार मेंबर होतात, म्हणजे २ वाढले. जॉइंट १ वाढला, त्याची समीकरणं २, म्हणून सूत्राचं उत्तर शून्यच. उजवं पॅनेल तसंच मोकळं राहतं.