सकाळी उठल्याबरोबर म्हणायची ज्यू प्रार्थना : पारोशानं कशी चालते?

हरिपूरकर
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय ६८. हळदीच्या अडतीत दिवाणजी होतो. गेल्या श्रावणात छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात सहा दिवस काढले. शेजारच्या खाटेवर मूळचे रेवदंड्याकडचे एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, आजोबा होते. पहाटे डोळे उघडले की चूळही न भरता ते दोन ओळी पुटपुटायचे. विचारलं तर म्हणाले, "मोदे आनी. जीव परत दिला म्हणून आभार." त्याच दुपारी त्यांना घरी सोडलं, बोलणं तिथंच राहिलं.

पारोशानं देवाला शिवू नये असं आईनं शिकवलेलं. मग त्यांच्यात कसं चालतं? आणि परत दिला म्हणजे जीव रात्री जातो कुठं?

ठाण्याची_नात
काका, आम्ही बेने इस्रायलीच. बाईमाणूस म्हणून मी "मोदा आनी" म्हणते. अर्थ असा : हे जिवंत, चिरंतन राजा, तू दयेनं माझा आत्मा माझ्यात परत दिलास म्हणून तुझे आभार, तुझा विश्वासूपणा थोर आहे. यात देवाचं नाव कुठंच नाही, नुसतं "राजा". म्हणून हात धुण्याआधी चालतं.

हात धुतल्यावर पुढं "एलोहाय नेशामा" येते. ती फार जुनी, तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातल्या बराखोत भागातली : देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे, तूच तो घडवलास, तूच माझ्यात फुंकलास, तूच तो एक दिवस नेशील आणि पुढे परत देशील. मोदे आनी त्यामानानं अलीकडची. आजच्या इस्रायलमधल्या सफेद गावच्या मोशे बेन माखीर यांच्या १५९९ साली छापलेल्या पुस्तकात आहे.

माहुलीचा_मास्तर
साताऱ्याहून थोडी भर. झोप म्हणजे मरणाचा साठावा हिस्सा, असं तालमुदात म्हटलंय. बायबलातल्या ३१व्या स्तोत्रात "माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो" असं येतं, त्यावरून रात्री आत्मा देवाकडे ठेव म्हणून राहतो अशी कल्पना. दमलेला ठेवायचा, सकाळी ताजा मिळतो. नेशामा म्हणजे आत्मा, नेशिमा म्हणजे श्वास, धातू एकच. "कराग्रे वसते"शी याची तुलना करतात, मला ती पटत नाही. तिथं आपण हाताचं दर्शन घेतो. इथं हाती आलेली ठेव पोचल्याचं सांगतो.

हरिपूरकर
मास्तर, ठेव म्हणालात आणि हरिपूरची पेवं डोळ्यांपुढं आली. शेतकऱ्यांची हळद जमिनीखाली त्यांत ठेवायची. २००५च्या पुरात बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवाच नसते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला नाही तरच हमाल उतरायचा. वर आला की कठड्याशी बसून आधी पोटभर श्वास घ्यायचा, मग बोलायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ज्याची त्याला, ठेवली तेवढी हळद परत दिली की आमचं इमान राहिलं असं आम्ही मानायचो. ठेवलेल्यापेक्षा चांगली परत देणं आमच्या हातात नव्हतं.

आज पहाटे पारोशानंच म्हटलं, मराठीतून. ताई, "परत दिलास" हाच शब्द बरोबर ना?

ठाण्याची_नात
हो काका, तोच. मूळ शब्द "हेहेझार्ता", परत केलंस. आणि आजोबा आमच्याच ओळखीतले निघाले तर तुमचा नमस्कार नक्की पोचवते.